ऑलिंपिकचं सुवर्ण एकीकडे, श्ट्राइफ एकीकडे

स्कीइंगमधला सगळ्यात मोठा विजय कोणता, असं विचारलं तर आपल्याकडे दहातले नऊ जण ऑलिंपिक सुवर्ण म्हणतील. डाउनहिलपुरतं, म्हणजे उतारावरून सरळ सुसाट खाली येण्याच्या शर्यतीपुरतं तरी मला ते पटत नाही. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये किट्झब्यूएल नावाचं गाव आहे आणि त्याला लागून हानेनकाम हा डोंगर. उंची १७१२ मीटर, आल्प्सच्या हिशेबाने टेकडीच. पण दर जानेवारीत तिथे ‘श्ट्राइफ’ उतारावर जी शर्यत होते, ती जिंकणारा माझ्या लेखी ऑलिंपिकवाल्याच्या वर. भांडायची तयारी आहे!

ऑलिंपिकची जागा दर चार वर्षांनी बदलते. २०२२ ला बीजिंगजवळ यानछिंगला तर उतार नवा, बर्फ मशीनचा, आणि कोविडमुळे आधीची चाचणी शर्यतही रद्द झालेली. तिथे सगळेच नवखे. हानेनकामवर १९३१ पासून शर्यती होतात. बापाने जिथे दात-ओठ खाल्ले तिथेच मुलगा उभा राहतो, आणि कोणतं वळण कोणाला महागात पडलं हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं.

उतार ३३१२ मीटर लांब, उभं अंतर ८६० मीटर, आणि चांगला गडी दोन मिनिटांच्या आत खाली. सुटल्यावर काही सेकंदांतच ‘माउसफाले’ येतं. उताराची तीव्रता ८५ टक्के, त्यामुळे पायाखाली जमीनच दिसत नाही आणि माणूस हवेत जातो. बर्फात पाणी मुरवून तो इतका कडक केलेला असतो की स्कीच्या कडा त्यावर खरवडताना टीव्हीवरसुद्धा कर्र् ऐकू येतं.

पण माझ्या मते शर्यत ठरते ती ‘श्टाइलहांग’च्या तोंडाशी. तिरक्या, निसरड्या भिंतीसारख्या या उतारावरून बाहेर पडताना खाली जाळीकडे घसरलात, थोडा जरी वेग गेला, तर पुढे बराच पट्टा जवळजवळ सपाट आहे. गेलेला वेग तिथे परत मिळत नाही. इथे ताकद कामाची नाही, अंग चोरून घसरत राहायचं. धाडस सगळ्यांकडेच असतं. ते कुठे आवरायचं हे कळणारे थोडे. शेवटी ‘हाउसबेर्गकांटे’वरून उडी आणि मग खडबडीत आडवा उतार, तेव्हा मांड्या पेटलेल्या असतात.

स्वित्झर्लंडचा दिदिए क्यूश श्ट्राइफवरचा डाउनहिल पाच वेळा जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण मात्र एकही नाही, १९९८ च्या नागानोमधलं सुपर-जीचं (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांच्या शर्यतीचं) रौप्य तेवढं. म्हणून त्याला कमी लेखायचं? लॉर्ड्सच्या शतकवीरांच्या फलकावर आपला आगरकर आहे, सचिन नाही, हा मुद्दा कोणीतरी काढणारच. बरोबर आहे, एक डाव नशिबाचाही असतो. पण पाच वेळा नशीब? इथे विजेत्याच्या नावाचा डबा हानेनकामच्या गोंडोलात, म्हणजे रोपवेत लागतो, आणि पर्यटक त्यात बसून वर जातात.

स्कीइंगच्या विश्वचषकाची, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेची कल्पनाही याच उतारावर शिजली. १९६६ मध्ये फ्रेंच पत्रकार सर्ज लांग आणि संघांचे प्रशिक्षक कडेच्या सीडलआल्म या घरात बसले, आणि १९६७ च्या जानेवारीत विश्वचषक सुरू झाला. म्हणजे आज हंगामभर जे गुण मोजले जातात, त्यांचं मूळही इथलंच.

धोक्याचं कौतुक मात्र मला जमत नाही. २००९ मध्ये सरावात शेवटच्या उडीवर स्विस डानिएल आल्ब्रेख्ट पडला, तीन आठवडे कोमात होता. अशा अपघातांनंतर उड्या कापल्या, वळणं वाढवली, हे योग्यच झालं. फ्रिट्झ श्ट्रोबलचा १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा विक्रम १९९७ पासून टिकून आहे, त्यामागे हेही एक कारण. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणणाऱ्यांनी स्वतः एकदा माउसफालेवर उभं राहावं. खुपतं ते दुसरंच: महिलांचा विश्वचषक डाउनहिल या उतारावर होत नाही. दोर्‍या, जाळ्या, हेलिकॉप्टर, बड्या लोकांच्या मेजवान्या, सगळ्याला जागा आहे, तर याला का नाही?

शर्यत आपल्या वेळेनुसार साधारण शनिवारी दुपारी चारच्या सुमारास असते. बघणार असाल तर उड्यांपेक्षा श्टाइलहांगमधून बाहेर पडणाऱ्याच्या स्कीकडे बघा, आणि लगेच पुढच्या टप्प्याची वेळ.