मॉडेल सांगा!

आमच्या अंबड तालुक्यात ट्रॅक्टरची कंपनी कुणी विचारत नाही, मालक विचारतात. मोसंबीच्या ओळींमधून फांद्या न मोडता निघावा म्हणून मी जो छोटा, जुनाट ट्रॅक्टर घेतला, तो गावात 'पाटलाचा जुना' आहे. त्याआधी तो घनसावंगीकडच्या कुण्या मास्तरांचा होता, त्याच्याही आधी एका द्राक्षबागवाल्याचा. वंशावळ सगळ्यांना तोंडपाठ. नाव मात्र कुणालाच माहीत नाही.

पीटीओच्या, म्हणजे मागं जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टातून तेल गळायला लागेपर्यंत नावावाचून आमचं काही अडलंही नव्हतं. मेकॅनिकनं काढून दिलेलं जुनं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, रुमालात गुंडाळून जालन्याला मोंढ्याजवळच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "मॉडेल?"

"लाल आहे."

आता मात्र त्यानं मान वर काढली.

तसं त्याचंही बरोबर होतं. महिंद्रा लाल, मॅसी लाल, मित्सुबिशी शक्तीही लालच. त्यात माझा लाल ब्रशनं मारलेला. नखानं खरवडला की आत निळा निघतो, आणि निळ्याच्या खाली आणखी एक लाल.

आरसी बुक होतं, पण त्यातलं मॉडेलचं पान वाळवीनं आमच्या आधी वाचून काढलेलं. सौ. म्हणाल्या, "माझी पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवली होती. याची एकाला तरी दाखवायची!"

मग ट्रॅक्टर पारासमोर आणून उभा केला आणि ओळखपरेड सुरू झाली. तात्यांनी बोनेटवर थाप मारली. "एचएमटी हाय हे. झेटर. म्या सवता हाकलंय." एचएमटीनं पिंजोरला झेटर २५११ काढायला घेतला १९७१ साली, तो पंचवीस हॉर्सपॉवरचा गडी, त्याच्याशेजारी आमचं यंत्र म्हणजे बैलाशेजारी वासरू. पण तात्यांच्या मनगटावर एचएमटीचंच घड्याळ आहे आणि जगातली कुठलीही टिकाऊ वस्तू त्याच कंपनीची असते, अशी त्यांची श्रद्धा आहे. सरपंचांच्या भाच्याचं म्हणणं, स्वराज ७२४. का? तर त्यांच्या घरी तोच आहे.

गॅरेजवाला पोरगा तेवढा कामाचं बोलला. "काका, इंजिनाच्या डिझेल पंपापासून वर हेडला किती नळ्या गेल्यात ते बगा. जेवढ्या नळ्या, तेवढे सिलिंडर." तीन निघाल्या. म्हणजे एका सिलिंडरचा महिंद्रा युवराज बाद. पुढं रेडिएटर आहे, म्हणजे हवेवर थंड होणारा जुना आयशरही बाद. ट्रॅक्टर कोणता नाही, हे असं भराभर कळत गेलं. मागच्या टायरवरचा आकडा चिखल काढून वाचला, तर त्यावरून कळलं ते एवढंच, की पाटलांना त्या दिवशी कुठला टायर स्वस्तात मिळाला.

डॅशबोर्डाखाली कंपनीची पाटी असायची तिथं रिव्हेटांची चार भोकं होती. तेव्हा चेसिस नंबर. रॉकेल ओतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, वर्षानुवर्षांचं काळं मेण निघालं. खाली ठोकलेले आकडे हाताला लागत होते, डोळ्यांना दिसत नव्हते. मग आरटीओत करतात तसं वर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. अख्खा पार श्वास रोखून वाकला. हळूहळू कागदावर पांढरं अक्षर उमटलं. 'एम'!

"महिंद्रा!" एक जण ओरडला. "मॅसी!" दुसरा. "मित्सुबिशी!" तिसरा. पुढचा आकडा तीनही होता, आठही होता. ज्याला जसा चष्मा, तसा.

तो कागद घेऊन पुन्हा दुकान गाठलं. या वेळी गल्ल्यावर म्हातारे मालक होते. त्यांनी कागदाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "जुनं सील हाय का?" रुमाल उलगडला. त्यांनी सील धोतराला पुसलं आणि उजेडाकडं धरलं. कडेवर बारीक अक्षरांत होतं: ३५-५२-७. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये.

"सील मापानं येतं, बेअरिंग नंबरानं. सहा हजार दोनशे पाचचं बेअरिंग कोणत्या बी गाडीत टाका, आतून पंचवीस मिलिमीटरच भरणार. मॉडेल कशाला पाहिजे?"

मी काउंटरवरच्या पोराकडं पाहिलं. तो पुन्हा मोबाइलमध्ये होता.

सील मिळालं. अडलं ते बिलापाशी. कॉम्प्युटर मॉडेल घातल्याशिवाय पुढं सरकेना. पोरानं दोनदा माझ्याकडं पाहिलं, उसासा टाकला आणि यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाबलं. अर्जुन ५५५. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचा धिप्पाड गडी, जो माझ्या मोसंबीत शिरला तर बाग सपाट करूनच बाहेर येईल.

पारावर तात्यांनी ते बिल लांब धरून वाचलं, दोन वेळा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"अर्जुनच हाय," ते म्हणाले. "म्या पहिल्यापासून सांगायलो, ह्ये एचएमटी नाही म्हणून."