आमची प्रत कुठाय?

पुस्तक स्वतःच काढलं की लेखक आपण, प्रकाशक आपण आणि हमालही आपणच. गोदाम तेवढं बायकोचं. साताऱ्यातल्या पेन्शनरांवरच्या माझ्या लेखांचे गठ्ठे दिवाणात गेले आणि हिच्या साड्या कपाटावर आल्या. तेव्हापासून घरात खपाची चौकशी रोज होते, तीही चहाच्या आधी.

छापून होईपर्यंत सगळं सोपं होतं. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा, १३ आकडी नंबर सरकार फुकट देतं म्हटल्यावर मी हरखलोच. मग कुणीतरी १९५४चा कायदा दाखवला. प्रकाशकानं ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. म्हणजे पहिली फुकट प्रत मागितली ती भारत सरकारनं. बाकीचे त्याच्यामागं रांगेत उभे राहिले.

मोती चौकात रोख पैसे मोजून कंदी पेढे घेणारा माणूस तोच पुडा बगलेत मारून मला विचारतो, "काय ओ, पुस्तक काढलं म्हणं! आमची प्रत कुठाय?" किंमत सांगायला मी तोंड उघडतो, तोवर तो पुढं गेलेला असतो, "आणि सही करून द्या बरं का."

दुकानदार त्या मानानं सरळ. "ठेवून जावा. चाळीस टक्के आमचे, उरलेले खपल्यावर." महिन्यानं डोकावलो, तर माझे पेन्शनर तलाठी भरतीच्या गाइडांमागं उभे. ज्यांना अजून नोकरीच लागलेली नाही, त्यांनी निवृत्तीवरचं पुस्तक का घ्यावं, असं तेही म्हणू शकतात.

भाचा म्हणाला, "मामा, मार्केटिंग करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट कर." एका यादीत २५६ माणसं मावतात, मात्र ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. कुणाकुणाच्या फोनमध्ये आपण नाही ते त्या संध्याकाळी समजलं. त्यात सख्खा साडू निघाला. ज्यांना पोचला त्यांनी अंगठे आणि नमस्कार पाठवले. मुखपृष्ठावर एका आजोबांचा फोटो आहे. तो बघून तिघांनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

दोष माणसांना तरी काय द्यायचा? आमच्याच जिल्ह्यात भिलार आहे, २०१७पासून पुस्तकांचं गाव. कुणाच्याही ओसरीवर बसा, हवं ते वाचा, पैसे नाहीत. लोक तिथं पुस्तकं फुकट वाचतात आणि येताना स्ट्रॉबेरी विकत आणतात. हिनं हा मुद्दा उचलून धरला. पुढच्या वेळी लिहिण्याऐवजी काहीतरी पिकवा म्हणाली.

शेवटी भाच्यानंच जाहिरात बंद करायला लावली. "विकत घ्या म्हणू नकोस. नुसता एक उतारा टाक, अर्ध्यात तोड." नोव्हेंबरात बँकेपुढं हयातीचा दाखला द्यायला लागलेली रांग आणि तिथं 'मी जिवंत आहे' यावरून पेटलेलं भांडण मी फेसबुकवर टाकलं. कराड, फलटण, पार लातूरहून विचारणा: पुढं काय झालं? मी उत्तरात किंमत आणि क्यूआर कोड पाठवला. टपालखर्चासकट पैसे आले! अनोळखी माणसाचा हाच मोठेपणा: त्याला आपल्याकडून काही येणं असतं असं वाटत नाही.

मग एका निवृत्त हेडमास्तरांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या लेकीनं पाहुण्यांना स्टीलचे डबे देण्याऐवजी माझं पुस्तक द्यायचं ठरवलं. अख्खा गठ्ठा गेला, रोखीनं. हिची एक पैठणी दिवाणात परतली. पाहुण्यांत साडूही होता. रात्री त्याचा फोन आला, "वाचतोय, मस्त जमलंय राव! धाकट्यालाही एक पाहिजे म्हणतोय."

"२५० रुपये," मी एका दमात म्हणून टाकलं.

पलीकडं जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग साडू म्हणाला, "पुढची पंच्याहत्तरी कुणाची आहे, काही कल्पना?"