अकरा हजार विरुद्ध बारा

गाडीत डोक्यावर जो दिवा असतो, त्याच्यापायी गेल्या रविवारी भर रस्त्यावर माझा जो पंचनामा झाला, तो अजून घशाखाली उतरलेला नाही. कारण काय, तर औशाच्या लग्नाहून रात्री परतताना बायकोच्या कानातल्याची फिरकी गाडीत पडली. आमच्या अकरा वर्षांच्या गाडीतला पिवळा दिवा लावला आणि सीटखाली हात घालून शोधलं. एक वाळलेली भुईमुगाची शेंग, एक सुपारी आणि अर्धा कंगवा सापडला. फिरकी नाही. "याच्यापेक्षा आमच्या माहेरची चिमणी बरी होती," असं ती म्हणाली. माहेर निघालं की मी खर्च करतो, हा आमच्या घरातला जुना शिरस्ता आहे. एलईडीची जोडी मागवली. १८० रुपये.

हा बल्ब घरातल्यासारखा नसतो. करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, आणि ती दोन चिमट्यांत आडवी धरलेली. लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात: ३१, ३६, ४१ वगैरे. मी बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजून ३१ चा मागवला आणि तो बरोबर निघाला. या सगळ्या प्रकरणात माझं बरोबर निघालेलं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं हेच, म्हणून नोंदवून ठेवतो.

झाकण उचकटलं, जुना काढला, नवा बसवला. लागेना. तो परत काढायला गेलो, तर स्क्रूड्रायव्हरचं टोक एकाच वेळी चिमट्याला आणि छताच्या पत्र्याला टेकलं. चट्ट! डॅशबोर्डवरचं घड्याळ गेलं, रेडिओ गेला. आमच्या गाडीत दिवा, घड्याळ आणि रेडिओ या तिघांचा फ्यूज एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. एकत्र कुटुंब. एकाने माती खाल्ली की तिघं उपाशी.

सकाळचे दहा वाजले होते, पण मे महिन्यात लातूरला सकाळ नसते. पहाट असते आणि मग एकदम दुपार. अंबाजोगाई रोडला गाड्यांच्या सीटकव्हरचं आणि हॉर्नचं दुकान आहे, तिथे गेलो. दुकान म्हणजे एक शटर, एक पोरगं आणि बाहेर लिंबाच्या सावलीत एक लाल प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीत मामा बसले होते.

मामा दुकानाचे कोणी नव्हते. मालकाचे नातेवाईक नव्हते, गिऱ्हाईकही नव्हते. वीज मंडळात लाइनमन म्हणून जन्म घालवून रिटायर झाले होते आणि आता सावली असेल तिथे बसत होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात पाहिलं तर बॉलपेन, छोटी डायरी आणि टेस्टर. पेन्शन सुरू होऊन बारा वर्षं झाली, पण टेस्टर अजून ड्युटीवर.

"काय झालंय ओ सर?"

आमच्या लातुरात चष्मा लावून शर्ट खोचलेल्या कुठल्याही माणसाला सर म्हणतात. मी तर खरोखरच शिकवतो, आणि तेही मराठी, त्यामुळे मला पळायला जागा नाही. पोराला सांगायचं ते मी मामांना सांगून बसलो. तीच चूक झाली.

"फ्यूज उडालाय? मग फ्यूज कशाला घालायलाव? ए पोरा, एक तार बांध त्यात. पुन्हा उडायचा प्रश्नच न्हाई."

पोरगं खरंच तारेचा तुकडा शोधायला लागलं. मी म्हटलं, "मामा, फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. तार बांधली तर पुढच्या वेळी गाडी जळेल." दहा अँपिअरचा लाल फ्यूज द्या, असं मी ठामपणे सांगितलं. लाल म्हणजे दहा, निळा म्हणजे पंधरा, पिवळा म्हणजे वीस, हे मी रात्री वाचून आलो होतो आणि कधी एकदा बोलून टाकतो असं मला झालं होतं. मामांनी माझ्याकडे, नवी सून पुरणात जायफळ किती घालायचं ते सासूला सांगते तेव्हा सासू जशी बघते, तसं बघितलं.

"भ्याव वाटायलंय सरांना," ते लिंबाला उद्देशून म्हणाले. लिंबाखाली तोवर चारजण जमले होते. एक पंक्चरवाला, एक रिक्षावाला, एक हेल्मेट हातात घेतलेला तरुण आणि एक जण नुसताच.

लाल फ्यूज बसला. घड्याळ आलं, रेडिओ खरखरला. दिवा मात्र नाही. मामा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. गाडीत डोकं घातलं, खिशातला टेस्टर काढला, चिमट्याला लावला आणि मागच्या टोकावर अंगठा दाबून डोळे बारीक केले. टेस्टर पेटला नाही.

"करंटच न्हाई याच्यात," मामांनी जाहीर केलं. "गाडीत करंट येईना. वायरिंग गेलंय सगळं."

लिंबाखाली हळहळ पसरली. वायरिंग म्हणजे पाच हजार तरी, असं रिक्षावाला म्हणाला. पंक्चरवाल्याने आठ सांगितले.

आता माझ्या जागी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, "मामा, हा टेस्टर घरातल्या विजेचा आहे. त्याच्या आतल्या बारक्या दिव्यालाच साठ-सत्तरच्या वर व्होल्ट लागतात. गाडीत बाराच व्होल्ट. तो पेटणारच नाही."

शांतता. रस्त्यावरून एक टँकर गेला. मामांनी टेस्टर सावकाश पुसला, खिशाला लावला आणि म्हणाले:

"सर, अकरा हजाराच्या लायनीवर काम केलेल्या माणसाला तुमी बारा शिकवायलाव का?"

जे हसू फुटलं ते नुसताच उभा असलेल्या माणसाने सुरू केलं. त्याचं आणि माझं काय वैर होतं, मला आजही माहीत नाही.

पण आता मी इरेला पेटलो होतो. आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मित्र आहे, त्याला मी घरूनच फोन केला होता. तो म्हणाला होता, एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. बल्ब काढ, टोकं फिरव आणि परत लाव. मी तेच पोराला सांगितलं.

"उलटा लाव?" मामा थबकले. "पोरांनो, ऐका. सर म्हणायलेत बल्ब उलटा लावा. बल्बाला कधी उलटं-सुलटं असतंय का? चाळीस वर्षं बल्ब लावले मी. पॅटर्नच्या गावात राहून असलं?"

लातूर पॅटर्न काढला की आमच्या गावात माणूस संपतो. इथली पोरं बारावीला राज्यात पहिली यायची आणि मास्तर बल्ब उलटा लावायला सांगतो! खरं तर मामांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा ये-जा करते, तिथे साध्या बल्बाला उलटं-सुलटं नसतंच. पण गाडीच्या बॅटरीची वीज एकमार्गी. हे मी तिथे बोललो नाही. बोललो असतो तर लिंबही हसला असता.

आणि मग मामा किल्लारीच्या भूकंपावर गेले. लातूरचा साठीपुढचा माणूस कुठूनही निघाला तरी शेवटी किल्लारीला पोचतो, तेव्हा मी घड्याळ बघितलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून आले होते, डोळा लागला होता, चारच्या सुमाराला घर हाललं. दुसऱ्या दिवशी यांची गँग तिकडे. खांब झोपलेले, तारा ढिगाऱ्यावर पडलेल्या. रात्री जनरेटर लावून बांबूवर बल्बांची माळ ओढायची, म्हणजे लोकांना उकरता यायचं. "शंभराचे पिवळे बल्ब," मामा म्हणाले. "पाऊस चालू. एक फुटला की तेवढ्या जागचं उकरणं थांबायचं. मग मला हाक. मामा नव्हतो तवा. ए लायनमन, अशी हाक."

लिंबाखाली कोणी हसलं नाही. हेल्मेटवाल्या पोराने हेल्मेट खाली ठेवलं. मलाही काही बोलता येईना, आणि खरं सांगायचं तर थोडा रागच आला. मी दहा रुपयांच्या फ्यूजसाठी आलेला माणूस. मला गप्प करायला एवढं मोठं काढायची गरज नव्हती.

"चहा सांग रे," मामा पोराला म्हणाले. "सहा."

चहा येईपर्यंत पोराने मला विचारलं, "सर, हा पांढरा कशाला घालता? आइस ब्लू देऊ का? लई चालतोय." हा रंग बनवायला जगाला किती घाम गाळावा लागला, हे त्या पोराला कुठून माहीत असणार. लाल एलईडी १९६२ पासून होता. धड उजेडाचा निळा यायला पुढची तीस वर्षं गेली. त्या निळ्यावर पिवळी पूड चढवली, तेव्हा कुठे हा पांढरा उजेड मिळाला. निळ्यासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं. आणि त्याचा शेवट अंबाजोगाई रोडला, 'लई चालतोय' म्हणून.

नको म्हटलं. पोराने खांदे उडवले, बल्ब चिमट्यातून काढला, तो हातातून निसटून गिअरपाशी पडला, उचलला आणि परत लावला. लागला! भक्कन. पडताना टोकं फिरली होती, दुसरं काय.

मी मामांकडे बघितलं. माझा चेहरा त्या वेळी फार उदात्त नसावा.

"बगा," मामा चहाचा घोट घेऊन म्हणाले. "मी काय म्हणलो? करंटला येळ लागतोय. जुनी वायर हाय, गरम झाली की सोडती." लिंबाखालच्या चौघांनी माना डोलावल्या. रिक्षावाल्याने मामांच्या पाठीवर थाप मारली. मी फ्यूजचे १०, मजुरीचे ५० आणि सहा चहाचे ६० मोजले. मामांनी जुना पिवळा बल्ब सीटवरून उचलला, उन्हात धरून आतली तार बघितली, "चांगला हाय की हा," म्हणाले आणि टेस्टरशेजारी खिशात टाकला. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

नवा उजेड घरी आणला. बायको बसली, दार लावलं, दिवा लागला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या कलपाची हद्द कुठे संपते ते तिला दिसलं आणि तिने तोंड फिरवलं. "आयसीयूत बसल्यासारखं वाटतंय," म्हणाली. सीटवरचे अकरा वर्षांचे डाग एका वेळी उठून बसले होते. फिरकी बुधवारी सापडली, साडीच्या निऱ्यांत.

त्याच्या पुढचं दुखणं वेगळंच. दिवा बंद केला तरी पुरता विझत नाही. कुठूनतरी चिमूटभर वीज झिरपत राहते. जुन्या बल्बाला ती जाणवतही नव्हती, हा मात्र तेवढ्यावर समईसारखा मिणमिणतो. सोमवारी रात्री दहाला समोरचे काका आले, "गाडीची लाईट चालू राहिली." मंगळवारी साडेदहाला वरच्या वहिनी. बुधवारी अकराला वॉचमन, आणि त्याच्यामागे परत काका. मी प्रत्येकाला समजावलं, बॅटरी उतरत नाही, हे झिरपणं आहे. काका म्हणाले, "तरी बंद करून घ्या." आमच्या गल्लीतले रस्त्यावरचे दिवे दिवाळीपासून बंद आहेत, त्यासाठी कोणी कोणाची बेल वाजवलेली नाही. ऊस सुरू झाला की रेणापूर नाक्याकडून ट्रॅक्टर येतात. पुढे डोळे फोडणारे पांढरे दिवे, वर गाणी, आणि मागच्या ट्रॉलीला साधा लाल रिफ्लेक्टर नाही. दरवर्षी त्या ट्रॉल्यांवर कोणी ना कोणी आदळतं. तिथे कोणी हात करून ट्रॅक्टर थांबवत नाही. लोकांना दिसतो तो माझ्या गाडीतला मिणमिणता.

गुरुवारी परत दुकानात गेलो. लाल खुर्ची, लिंब, मामा. म्हटलं, "मामा, तो पिवळा बल्ब देता का? परत बसवायचाय."

मामांनी खिसा चाचपला. पेन निघालं, डायरी निघाली, टेस्टर निघाला.

"त्यो होय? त्यो परवाच त्या रिक्षावाल्याला दिला. गरीब माणूस हाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "पिवळाच बरा असतोय सर. मी त्याच दिवशी म्हणणार होतो, पण तुमी ऐकायला तयार नव्हता." आणि दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "ए पोरा, चहा सांग. सर देतेत."