आधी मुरूम, मग ब्लॉकचा रंग

परवा शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन आला. "काका, लाल-करडा घेऊ का पिवळा-काळा?" नवीन गाडी आलीय, गेटपासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकायचेत त्याला. मी विचारलं, खाली काय टाकणार? तो म्हणाला, "खाली? खाली जमीन हाय की."

आठ वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

आमचं घर जुळे सोलापुरात. वडिलांनी बांधलं तेव्हा पुढच्या 12 बाय 24 च्या जागेत शहाबादी टाकली होती. आपल्याकडे तेव्हा दुसरं काय टाकणार? गुलबर्ग्याच्या पलीकडे शहाबाद, ट्रक भरून फरशी यायची. वडिलांची स्कूटर होती, तिचा त्या फरशीला काय त्रास! मी कार घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकाखालच्या फरश्या तडकल्या. मग सगळी उखडून ब्लॉक टाकले. कंत्राटदार दोन दिवसांत काम उरकून गेला. काळ्या मातीवर कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा पसरला, वर ब्लॉक मांडले, वरून सिमेंटचं पाणी ओतून झाडून घेतलं. दिवाळीत त्यावर उभं राहून फोटो काढले, नातेवाइकांनी "झकास झालंय" म्हणून सांगितलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये गाडीच्या दोन चाकोऱ्या उमटल्या. बैलगाडीच्या रस्त्याला असतात तशा. पाणी गेटकडे जायचं सोडून उंबऱ्याशी तुंबायला लागलं आणि एका रात्री हॉलमध्ये आलं. कंत्राटदाराचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

उखडायला जो गवंडी आला, त्याने पहिल्यांदा काय केलं सांगतो. चाकोरीतला एक ब्लॉक पहारेने काढला, हातातली सळई मातीत टेकवली आणि एका हाताने दाबली. वीतभर आत गेली. जोर लावावाच लागला नाही. मग चाकोरीपासून लांब, भिंतीकडेला तसंच केलं, तिथं सळई दोन बोटं जाऊन अडली. माझ्याकडे बघून म्हणाला, "मालक, भिजल्या पिठावर पाट मांडून जेवायला बसलालाव तुम्ही."

काळ्या मातीचं हेच आहे. ज्वारीला सोनं, बांधकामाला वैरी. ही बारीक चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि ऊन लागलं की आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा दिसतात ना, त्याच भेगा ब्लॉकखालीही पडतात, फक्त दिसत नाहीत. एका वर्षात खालची जमीन एकदा वर येते, एकदा खाली जाते. वरचा ब्लॉक कितीही भारी घ्या, त्याला त्या जमिनीबरोबर हलावंच लागतं.

मग सगळी माती काढली. आमच्याकडे दीड फुटावर मुरूम, म्हणजे झिजलेल्या दगडाचा खडीसारखा घट्ट थर लागला, तिथपर्यंत. सव्वाचार ब्रासच्या वर माती निघाली (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). साडेचार ब्रास चांगला मुरूम आणला. सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारायचं, ओल बसली की धुम्मसाने ठोकून दाबायचं, मग पुढचा थर. शेवटच्या थराला भाड्याचं कॉम्पॅक्टर मशीन फिरवलं. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो, पाच दिवस झाले, ब्लॉक कधी टाकणार?" पाच दिवस नुसता मुरूम बघणं कुणालाच आवडत नाही, मलाही आवडलं नाही. पण खर्चाचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या कामातच गेला आणि माझ्या मते तो तिथंच जायला पाहिजे.

ब्लॉकविषयी थोडक्यात. आयएस 15658 या मानकात कार पार्किंगसाठी 60 मिलिमीटर जाडी आणि एम-35 या प्रतीच्या काँक्रीटची ताकद धरली आहे, मी तेच घेतले. 80 चे घ्या म्हणणारेही भेटतील. काळ्या मातीवर 80 चे टाकले तर 80 चे खचतात, एवढाच फरक. ब्लॉकखाली इंच-दीड इंच जाड वाळू, त्याहून जास्त नको. काही जण खड्डा-उंचवटा वाळूनेच भरून घेतात, मग जिथं वाळू जाड तिथं चाक बसलंच म्हणून समजा. आणि कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब म्हणजे काठाचा दगड हवा, नाहीतर स्टिअरिंग वळवताना चाक कडेचे ब्लॉक बाहेर ढकलतं, दरजा, म्हणजे ब्लॉकमधल्या फटी, उघडतात आणि सगळी वीण उसवते.

दरजांवरून आठवलं. त्या वरून सिमेंटचं पाणी ओतण्याच्या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. ब्लॉक एकमेकांना धरतात ते दरजेतल्या कोरड्या, चाळलेल्या बारीक वाळूमुळे. एकावरचा भार वाळूतून शेजारच्यावर जातो. उद्या एक ब्लॉक खचला तर तेवढाच उचलून खाली वाळू घालून परत बसवता येतो, ब्लॉकचा फायदाच हा आहे. सिमेंट ओतलं की तोही गेला. एक काढायला गेलं की चार फुटतात.

ढाळाचं दुखणं वेगळंच. पूर्वी पाणी रस्त्याकडे जायचं. नंतर रस्ता दोनदा झाला, दोन्ही वेळा जुना न खरवडता वरून थर. रस्ता वर, घर खाली. गेट उघडेना म्हणून त्याची खालची पट्टी गॅस कटरने कापावी लागली. रस्ता करणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "रस्त्याचं काम आहे, गेटचं नाही." आता ढाळ कुठं काढणार? शेवटी आडवा काढला, रुंदीत, 12 फुटांत 3 इंच. बाजूला पन्हळ आणि गेटच्या कोपऱ्यात, घराच्या पायापासून लांब, शोषखड्डा. तोही खालच्या मुरमापर्यंत नेला, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, नुसतं तुंबून राहतं.

हिशोब करून बघा, एक इंच पाऊस पडला तर एवढ्याशा अंगणातून 680 लिटरच्या आसपास पाणी निघतं. 200 लिटरचे तीन बॅरल भरून वर उरतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकराला मी सांगायला नको. तरीही नळाच्या पाण्याने पाइप लावून अंगण धुणारे आमच्याच गल्लीत आहेत. प्रेशरची धार मारून वर दरजेतली वाळूही घालवतात.

समोरच्या सरांनी ब्लॉकच्या भानगडीत न पडता काँक्रीट केलं. वाईट नाही, पण केलं कधी, तर मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता. गवंड्याने काम सोपं जावं म्हणून मालात आणखी दोन बादल्या पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. पुढे तीन-चार दिवस पाणी मारलं आणि लग्नाला गावी गेले. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर आपल्या कोरड्या, तापलेल्या हवेत चौदा दिवस ओल राखायला पाहिजे, वर आळी करून त्यात पाणी साठवून नाहीतर ओलं गोणपाट टाकून. शिवाय चार इंची काँक्रीटला आठ-दहा फुटांवर सांधा कापावा लागतो. तुम्ही नाही कापला तर ते स्वतःच तडकतं, आणि वाकडंतिकडं. माझं काम मी गड्ड्याच्या यात्रेनंतर, थंडीत काढलं. काँक्रीट करायचं तर तोच काळ बरा.

देखभाल म्हणाल तर काही विशेष नाही. पहिल्या पावसानंतर दरजेत वाळू झाडून भरायची. मुंग्या दरवर्षी थोडी उकरून काढतात, त्यांच्याशी मी भांडण सोडलंय. हराळी दिसली की मुळासकट उपटायची. ऑइलचा डाग पडला तर आधी राख टाकायची. ॲसिड मात्र अजिबात नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यावर ॲसिड पडलं की फसफसतं आणि तुकतुकी जाते. सिमेंटच्या ब्लॉकलाही ते खातं.

उंबऱ्यासमोर वडिलांच्या वेळच्या चार शहाबादी फरश्या परत बसवल्यात, बायकोच्या हट्टापायी. ब्लॉकवर रांगोळीची रेघ दरजेत पडते, ठिपक्यांची ओळ मोडते. मी आधी नको म्हणत होतो. आता सकाळी चप्पल घालायला त्याच फरशीवर उभा राहतो, उन्हाळ्यात ब्लॉकपेक्षा बरी लागते पायाला.

शेजारच्या पोराला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली. रविवारी त्याच्या ब्लॉकचा टेम्पो येणार आहे, लाल-करडे ठरलेत. मुरूम अजून सांगितलेला नाही.