नशिबाची गोष्ट म्हणणाऱ्यांनी मेरीकडे बघितलेलंच नाही

'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' ज्यांना आवडत नाही त्यांच्याशी माझं कधीच वाजत नाही. ते "अर्ध्यात झोप लागली" म्हणतात आणि विषय संपतो. माझं भांडण होतं ते आवडणाऱ्यांशी. फेब्रुवारी आला रे आला की बर्फावर आडव्या पडलेल्या त्या जोडीचा फोटो, खाली लाल बदाम आणि "आठवणी पुसल्या तरी प्रेम पुसलं जात नाही, जे नशिबात असतं ते होतंच" असलं काहीतरी. आमच्या सिनेमावाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून परवा रात्री बरंच घमासान झालं. तिथे तुकड्यातुकड्यांत टाइप करून वैताग आला, म्हणून इथे सलग लिहिते. सिनेमा २००४चा आहे. स्पॉयलरची तक्रार आता ऐकून घेतली जाणार नाही.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. जोएल (जिम कॅरी) हा न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणारा घुमा माणूस. क्लेमेंटाइन (केट विन्स्लेट) ही केस रंगवणारी, तोंडाला येईल ते बोलणारी, बऱ्यापैकी पिणारी बाई. दोन वर्षं एकत्र काढल्यावर एका रात्री कडाक्याचं भांडण होतं आणि ती 'लॅक्युना' नावाच्या कंपनीत जाऊन जोएलला डोक्यातून पुसून घेते. हे कळल्यावर तोही रागारागात तिथेच जातो. पुसायचं काम रात्री, त्याच्याच घरी, तो झोपेत असताना चालतं. निम्म्या वाटेवर, झोपेतच, त्याला उमगतं की हे आपल्याला नकोय. पण सांगणार कुणाला? तोंड तर झोपलेलं.

मूळ कल्पना पिएर बिस्मुथ या फ्रेंच कलावंताची. तुमच्या ओळखीतल्या एखाद्याने तुम्हाला स्मृतीतून काढून टाकलंय, तेव्हा कृपया त्याच्याशी संपर्क साधू नका, असं कार्ड पोस्टाने घरी आलं तर? ही कल्पना त्याने दिग्दर्शक मिशेल गोंद्रीला सांगितली, गोंद्री ती घेऊन पटकथाकार चार्ली कॉफमनकडे गेला. पुढे ऑस्कर तिघांना मिळून मिळालं, मूळ पटकथेचं. सिनेमातसुद्धा जोएलला बातमी अशा कार्डावरूनच कळते. दोन ओळींचं, छापील, विनम्र कार्ड.

आता विचार करा, ही कल्पना दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर काय झालं असतं. चकचकीत प्रयोगशाळा, निळे दिवे, पांढऱ्या कोटातले गूढ शास्त्रज्ञ. कॉफमनने तिचं काय केलं? गल्लीतला दवाखाना. वेटिंग रूममध्ये, ज्याला पुसायचंय त्याच्या वस्तू पिशवीत भरून, ती मांडीवर घेऊन बसलेली माणसं. एका बाईच्या पिशवीत तिच्या कुत्र्याच्या वस्तू. रिसेप्शनिस्ट फोनवर कुणाला तरी समजावतेय की एका महिन्यात तीनदा नाही करता येत हो. मेंदूला इजा वगैरे होईल का, असं जोएल विचारतो तेव्हा डॉक्टर शांतपणे सांगतात की तांत्रिकदृष्ट्या ही इजाच आहे, पण एखाद्या रात्री भरपूर दारू प्यायल्यावर होते तेवढीच. आणि रात्री मशीन चालवायला येणारी दोन पोरं पेशंटच्या फ्रिजमधलं खातात, त्याची दारू पितात, एक जण मैत्रिणीला बोलावून घेतो, ती दोघं चड्डी-बनियनवर त्याच्याच पलंगावर नाचतात. पलंगावर जोएल, डोक्यावर टोप, आत आयुष्याची दोन वर्षं चाललीयेत. केबल दुरुस्तीला आलेली माणसं जेवढ्या गांभीर्याने वागतील तेवढंच यांचं. हसूही येतं आणि पोटात कसंतरीही होतं.

पण माझ्या मते खरी करामत पुसण्याच्या क्रमात आहे. डॉक्टर सुरुवातीलाच सांगतात की सगळ्यात ताजी आठवण आधी जाणार, मग मागे मागे. ऐकताना ही निव्वळ तांत्रिक माहिती वाटते. पण ताजं काय असतं? भांडणं. रात्री तीनला गाडी ठोकून आलेली ती, आणि त्याच्या तोंडून निघालेलं ते एक घाणेरडं वाक्य. त्याआधीचं काय? हॉटेलातली मुकी जेवणं, शेजारच्या टेबलांवरच्या कंटाळलेल्या जोडप्यांकडे बघत आपणही तसेच झालोय का असं मनात येणं. आणखी मागे गेलं की चादरीखालच्या गप्पा. ती लहानपणीच्या एका कुरूप बाहुलीबद्दल सांगते, तिला दिसायला छान हो म्हणून ओरडायची, जणू बाहुली सुंदर झाली की आपणही होऊ. त्याच्याही मागे, गोठलेल्या चार्ल्स नदीवर आडवं पडून तारे बघणं. आणि अगदी तळाशी पहिली भेट, मोंटॉकच्या किनाऱ्यावरची.

नातं सरळ क्रमाने सांगितलं तर ते गोडाकडून कडूकडे जातं, आणि बघणारा शेवटी म्हणतो, सुटले बिचारे. कॉफमनने मशीनच्या नियमाचं निमित्त करून तेच उलटं चालवलं. त्यामुळे जोएल आणि आपण, दोघंही पुसापुशी चालू असतानाच तिच्या प्रेमात पडत जातो, आणि जसजसं पडतो तसतसं हातातलं जातं. गोंधळ घालायचा म्हणून केलेला हा क्रम नाही. काळाशी खेळणारे पुष्कळ सिनेमे बघितलेत मी, त्यातल्या निम्म्यांत सगळं सरळ लावलं तरी काही बिघडत नाही. इथे सरळ लावाल तर सिनेमाच उरणार नाही.

"कळलाच नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक सोपी खूण: क्लेमेंटाइनचे केस बघा. पहिल्या भेटीत हिरवे, चांगल्या दिवसांत लाल, मग नारिंगी, आणि पुसून घेतल्यानंतर निळे. एवढं धरून ठेवलं की काळाचा घोळ मिटतो. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा सुरुवातीची वीसेक मिनिटं नीट बघा. सिनेमाची नावं यायच्या आधीचा तो अख्खा भाग पहिल्यांदा आपण पहिली भेट म्हणून बघतो, प्रत्यक्षात ती पुसून झाल्यानंतरची भेट असते. व्हॅलेंटाइन डेच्या सकाळी जोएल घराबाहेर येतो, गाडीला पोचा पडलेला, त्याला वाटतं शेजारच्या गाडीवाल्याने ठोकली, चिडून त्याच्या काचेला चिठ्ठी लावतो. डायरी उघडतो तर दोन वर्षांची पानं फाडलेली. कधी फाडली आठवत नाही, असं म्हणून तो पुढे जातो. आपणही पुढे जातो! पोचा कुणी पाडला हे तासाभराने कळतं. सगळे पुरावे पटकथेने पहिल्या दहा मिनिटांत टेबलावर मांडलेले असतात आणि आपण रंगीत केसांच्या पोरीकडे बघत बसलेलो असतो.

कॉफमनची ही खोड जुनी. नव्वदच्या दशकात टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहिणारा हा माणूस, १९९९मध्ये 'बीइंग जॉन माल्कोविच' घेऊन आला. ऑफिसच्या साडेसातव्या मजल्यावर एक भुयार, आत शिरलं की पंधरा मिनिटं एका नटाच्या डोक्यात, आणि मग थेट न्यू जर्सीच्या हायवेकडेला धपकन. मग 'अ‍ॅडॅप्टेशन', २००२. ऑर्किडवरच्या एका पुस्तकाचं रूपांतर करायचं होतं, जमेना, तर 'न जमणारा पटकथाकार' म्हणून स्वतःलाच त्यात घातलं, एक जुळा भाऊ कल्पून काढला आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव सहलेखक म्हणून टाकलं. ऑस्करचं नामांकन त्या अस्तित्वातच नसलेल्या भावालाही मिळालं. हे सगळं मला आवडतं, पण हुशार मुलाची वही बघितल्यासारखं आवडतं. आणि पुढे स्वतः दिग्दर्शित केलेला 'सिनेकडकी, न्यूयॉर्क' (२००८) काहींना त्याचं शिखर वाटतं, मला त्यात गुदमरायला होतं. कॉफमन एकटा असला की फार लवकर स्मशानाकडे वळतो.

'इटर्नल सनशाइन'मध्ये त्याला गोंद्री भेटला हे आपलं नशीब (हो, वापरला मी हा शब्द). गोंद्रीला हाताने खेळणी बनवायची हौस. जोएल लहानपणीच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली लपतो तो सीन मोठ्या मापाच्या सेटवर आणि कॅमेऱ्याच्या कोनाच्या चलाखीवर उभा आहे. डॉक्टरांच्या खोलीत जोएल स्वतःलाच बघतो, तेव्हा कॅमेरा वळेपर्यंत जिम कॅरी मागून धावत जाऊन कपडे बदलून दुसऱ्या जागी उभा राहतो. एकाच टेकमध्ये! संगणकाने गुळगुळीत केलेलं असतं तर ते स्वप्न वाटलं असतं, इथे धडपड दिसते. आणि कॅरीला गप्प बसवून विन्स्लेटला मोकाट सोडण्याचा उलटा जुगारही फळला. नामांकन तिला मिळालं, त्याला नाही. त्या गप्प बसण्याची किंमत अकादमीला कळली नाही, असं माझं स्पष्ट मत.

आता मूळ भांडणाकडे. नशीबवाल्या मंडळींनी मला एकच सांगावं, मेरीचं काय करायचं?

मेरी म्हणजे ती रिसेप्शनिस्ट, कर्स्टन डन्स्ट. वयाने कितीतरी मोठ्या, लग्न झालेल्या डॉक्टरांवर तिचा जीव. त्यांच्यावर छाप पाडायला ती कविता पाठ करून म्हणते. अलेक्झांडर पोपच्या १७१७ सालच्या कवितेतल्या ओळी, ज्यांतून सिनेमाचं नाव आलं. कवीचं नाव मात्र घेते 'पोप अलेक्झांडर'. मग धीर करून त्यांचं चुंबन घेते, नेमकी डॉक्टरांची बायको येऊन बघते, आणि उघड होतं की हे सगळं पूर्वी एकदा झालेलं आहे. मेरीने हेच प्रेम केलं होतं आणि याच दवाखान्यात पुसून घेतलं होतं. आठवण गेली, प्रेम परत त्याच माणसावर बसलं. म्हणजे तुमच्या फोटोखालचं वाक्य शब्दशः हिच्या बाबतीत खरं ठरलं. आणि ते किती भयंकर दिसतं! ज्याने पुसलं त्याला सगळं आठवतंय, तो रोज तिच्याकडून फाइली मागून घेतोय, आणि ती बिचारी नव्याने लाजतेय.

तसाच तो पॅट्रिक, मशीनवाल्यांतला दुसरा पोरगा. क्लेमेंटाइनला पुसताना त्याला ती आवडते, म्हणून तो जोएलच्या वस्तू ढापतो, जोएलची वाक्यं पाठ करतो आणि तिला त्याच गोठलेल्या नदीवर घेऊन जातो. जागा तीच, वाक्य तेच. तिला आनंद व्हायच्या ऐवजी जीव घाबरा होतो. का, ते तिलाही सांगता येत नाही.

आता शेवट बघा. मेरी नोकरी सोडताना सगळ्या पेशंटांच्या फाइली आणि पुसण्याआधी त्यांनी जे बोलून ठेवलं त्याच्या टेप ज्याच्या त्याला पाठवून देते. नुकतेच (पुन्हा) भेटलेले जोएल-क्लेमेंटाइन एकमेकांबद्दलचं सगळं गरळ एकमेकांच्या देखत ऐकतात. गाडीत तिचा आवाज, तो किती कंटाळवाणा आहे ते सांगणारा. घरी त्याचा आवाज, तिच्याबद्दल त्याहून वाईट. दोघंही कानकोंडी. ती निघते, तो व्हरांड्यात गाठतो. ती म्हणते, तुला माझ्यात दोष दिसतील आणि मला तुझा वीट येईल. तो म्हणतो, ओके. ती म्हणते, ओके.

मेरीला माहीत नव्हतं आणि तिच्याकडून तेच पुन्हा झालं. यांना माहीत आहे आणि ते पुन्हा करताहेत. सिनेमाचा सगळा जीव या फरकात आहे. फुलं-चंद्र-व्हायोलिन सोडा, इथे साधी मिठीसुद्धा दाखवलेली नाही. दोन थकलेले चेहरे आणि एक ओके. आपल्याकडे पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा सीन समजावून सांगावा लागत नाही, तिला फक्त मशीन समजावावं लागतं.

नवी पिढी म्हणते, टॉक्सिक आहे, दोघांनी थेरपी घ्यावी आणि वेगळं व्हावं. ग्रुपवर एका मुलीने हे फार चांगलं मांडलं आणि निम्मं मला पटलं. जोएलचं ते वाक्य माफ करण्यासारखं नाहीच. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने मीच सांगते: आपण ज्या क्लेमेंटाइनच्या प्रेमात पडतो ती बहुतांश वेळ जोएलच्या डोक्यातली आहे. तिची समजूतदार वाक्यं तोच तिच्या तोंडी घालतोय. कोसळणाऱ्या घरात "मोंटॉकला भेट" असं कानात सांगते तीही तीच, म्हणजे तो स्वतःच स्वतःला सांगतोय. खरी क्लेमेंटाइन सुरुवातीला आणि शेवटी भेटते, आणि ती बरीच जास्त अस्वस्थ, जास्त थकवणारी आहे. मी कुणाची कल्पना नाही, मी आपली मनःशांती शोधणारी बिघडलेली बाई आहे, अशा अर्थाचं ती त्याला आधीच बजावते. तरी वीस वर्षं लोक तिला कुणाची तरी कल्पना म्हणूनच मिरवताहेत.

पण मग खरी क्लेमेंटाइन त्या व्हॅलेंटाइन डेला मोंटॉकला कशी पोचली? तिला तर कुणी कानात सांगितलं नव्हतं. नशीबवाल्यांचा हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. कॉफमनने ते भोक बुजवलेलं नाही. बहुधा मुद्दामच.

त्याच्या सुरुवातीच्या मसुद्यातला शेवट तर भलताच होता. म्हातारी क्लेमेंटाइन पुन्हा एकदा जोएलला पुसून घ्यायला आलीय, आणि हे तिने आयुष्यात कितीतरी वेळा केलेलं आहे. ते वगळलं. पडद्यावर फक्त दोघं बर्फाळ किनाऱ्यावर पळताना दिसतात, आणि तोच तुकडा पुन्हा येतो, आणि पुन्हा. बघणाऱ्याने हवा तो अर्थ लावावा. माझं विचाराल तर वगळलं ते बरंच केलं. म्हातारीचा शेवट हुशार होता, पण मग त्या व्हरांड्यातल्या ओकेला काडीची किंमत उरली नसती. लाल बदामवाल्यांना हे पटणार नाहीच. कमेंटमध्ये या, पण मेरीचं उत्तर घेऊन या.