खुलासा: टाइपस्क्रिप्ट सर्व्हरचा डेटा तपासत नाही
‘टाइपस्क्रिप्ट वापरलं की सर्व्हरकडून आलेला डेटा एल्मसारखाच आपोआप तपासला जातो’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइपची जोड दिलेली जावास्क्रिप्ट, तर एल्म ही वेब ॲपसाठीची वेगळी प्रोग्रॅमिंग भाषा. टाइपस्क्रिप्टचे टाइप (कुठे आकडा, कुठे मजकूर हे सांगणाऱ्या खुणा) कंपाइल होताना, म्हणजे कोडची साधी जावास्क्रिप्ट बनतानाच, पुसले जातात. कंपाइल झालेली जावास्क्रिप्ट फाइल उघडून बघा, इंटरफेसचा (डेटाची रचना सांगणाऱ्या टाइपचा) मागमूसही दिसणार नाही. त्यामुळे किमतीच्या जागी आकड्याऐवजी ‘250’ ही स्ट्रिंग (मजकूर) आली आणि तिच्यात 50 मिळवले, तर 300 नव्हे, ‘25050’ होतं, तेही कुठलीही एरर न येता! पैशांच्या हिशेबात हे फार घातक आहे. एल्ममध्ये सर्व्हरचा जेसन (मजकूर रूपात आलेला डेटा) डिकोडरमधूनच, म्हणजे तो तपासून घेणाऱ्या कोडमधूनच, आत येतो, आणि डिकोडर फसला तर काय करायचं हेही लिहावंच लागतं. टाइपस्क्रिप्ट उत्तमच आहे, पण ही तपासणी स्वतः लिहा किंवा झॉडसारखी लायब्ररी वापरा. नवशिके अशा मेसेजवर विसंबतात, म्हणून कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.