‘पेशीला हात नसतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक महोदय,

जुलाबात मीठ-साखरेचं पाणी पेशीच्या पटलातून (म्हणजे तिच्या पातळ आवरणातून) आत कसं जातं, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कालच वाचली. म्हटलं, रात्रभर राग ओसरू दे. फारसा ओसरला नाही.

आधी चूक कबूल. पेशीच्या पटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाचे आकडे मी उलटे टाकले होते. पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. दुरुस्त केलंय, आभार. पण त्याला ‘पेशीला हात नसतात, अकरावीचं पुस्तक उघडून बघा’ हे शेपूट कशाला?

‘मीठ साखरेचा हात धरून आतड्याच्या पेशीत शिरतं’ हे माझं वाक्य तुम्हाला खुपलं. पेशीला हात नसतात, ठाऊक आहे हो! लहान आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो. त्यांच्या पोकळीकडच्या पटलात एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन असतं. ते मिठातले 2 सोडियम आणि साखरेतलं 1 ग्लुकोज असे जोडीने आत घेतं, मागोमाग पाणी येतं. याला हात धरणं म्हणायचं नाही तर काय? ‘सहवहन’? म्हणतो. किती जणांना कळलं?

कॉलऱ्यात याच अस्तरातून क्लोराईड आणि पाणी धो धो बाहेर पडतं, पण ही जोडीची वाट शाबूत राहते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पूर्व पाकिस्तानातून (आताच्या बांगलादेशातून) आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं, तेही रुग्णांच्या नातेवाइकांकडून. त्या नातेवाइकांना अकरावीचं पुस्तक वाचलंय का, असं कुणी विचारलं नसावं.

आणि ते पुस्तक मी 22 वर्षं शिकवतोय. परासरणाची (पटलातून पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाण्याची) व्याख्या घडाघड म्हणणारी पोरं ‘जुलाबात साखर कशाला?’ विचारलं की ‘चवीला’ म्हणतात. साखर कशाला, हे आमच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. ‘गोडानं जुलाब वाढतात’ म्हणून तिनं मला नुसतं मिठाचं पाणी पाजलं होतं. तीन दिवस अंथरुणातून उठलो नव्हतो. माझ्या उपमा तिथून येतात, साहेब.

राहिला तुमचा घट्ट सांध्यांचा, म्हणजे शेजारशेजारच्या पेशी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या फटींचा मुद्दा. त्या फटींतूनही थोडं पाणी आणि सोडियम जातं, हो. लेख पटलावर होता, सांध्यांवर नव्हता. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, हेही तुम्ही ऐकवलंत. म्हणूनच तर लिटरला 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लेखात दिलंय. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

आणि पुढच्या वेळी खाली नाव लिहा. मी माझं लिहितो.